आल्या दाराने जाणारे इंटरनेट

इंटरनेट घरात कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे छातीठोकपणे सांगू शकेल अशी संपूर्ण पेडणे तालुक्यात एकच बाई आहे, आणि ती माझी सख्खी मावशी आहे. हे मी मांद्र्यापासून हरमलपर्यंत कोणालाही सांगतो, बहुतेक वेळा न विचारताच सांगतो. गोव्याचे राज्य अजून नवे नवे होते तेव्हा मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मुंबई, मस्कत, लिस्बन, जिथे म्हणून आमच्याकडचा माणूस पोटापाण्याला गेला, तिथून त्याचा आवाज मावशीच्या बोटांखालून घरी आला. निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात. मावशीने एक जुना संगणक विकत घेतला, त्यावर लिनक्स चढवले आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात त्याची स्थापना केली. अजूनही देवाला फूल वाहिले की त्याच हाताने ती त्याच्या पंख्यावरची धूळ पुसते. घरातले सगळे फोटो, मावशीचे यजमान म्हणजे आमचे काका, त्यांच्या भजनांची सगळी ध्वनिमुद्रणे त्याच्या पोटात आहेत. "आपली भजनां लोकांच्या घरात कित्याक दवरूं?" हे सगळे क्लाउडवर ठेव म्हटले की ती विचारते, परक्यांच्या घरात कशाला ठेवायचे?

या संगणकाला जगाकडे जायला दोन वाटा आहेत. पुढच्या अंगाला खांबावरून येणारी फायबरची, आणि मागच्या अंगाला न्हाणीघराच्या छपराखाली बसवलेल्या सिमकार्डाच्या राउटरची. एक मेली तर दुसरी जिवंत पाहिजे, हे तिचे तत्त्व. घरात विहिरीचे दोर दोन, विजेऱ्या दोन, काकांचे चष्मेसुद्धा दोन. "घोव तेवढो एकूच," नवरा तेवढा एकच, असे काका हळूच म्हणतात. त्या घराला दारेही दोनच, आणि त्यांच्याबाबत मावशीचा कायदा कडक. पुढच्या दाराने आलेल्याने पुढूनच जायचे, मागून आलेल्याने मागून. मासळीवाली मागून येते, मागून जाते. एकदा मीटर बघायला आलेले साहेब पुढे चप्पल काढून आत आले आणि परसातून सटकू लागले, तर मावशीने त्यांना सगळे घर ओलांडून परत सोप्यावर आणले आणि मगच निरोप दिला. मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांना चावीबरोबर हा कायदाही मिळतो. कारण विचारायची हिंमत कोणी करत नाही.

एका श्रावणात काकांच्या डाव्या हाताला कंप सुटला. काका पखवाज वाजवत. गावच्या देवळातल्या सप्ताहात भजन अखंड चालते आणि प्रत्येक घराण्याची वेळ ठरलेली असते, तिला पार म्हणतात. आमच्या पारीला वर्षानुवर्षे काकांचाच हात पखवाजावर. "ही माजी निमाणी पार," काकांनी सांगून टाकले. ही शेवटचीच. त्यांची मुलगी, माझी मावसबहीण, लिस्बनला. रजा मिळेना म्हणून ती फोनवर रडायला लागली, तेव्हा मावशी म्हणाली, "तूं येवंक नाका. हांव देवूळ तुज्याकडे धाडटां!" देऊळ घराच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागूनच. मावशीने सभामंडपात कॅमेरा बांधला आणि गडग्यावरून वायर ओढून थेट कोनाड्यातल्या संगणकात आणली.

पारीच्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला, "आई, कांयच दिसना गे." मी म्हटले, एकदा बंद करून चालू करूया. मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "एक्स्चेंज बंद करून चालू करतत काय रे?" तिने पडद्यावर येणारी-जाणारी वर्दळ उघडली. लिस्बनची हाक पुढच्या फायबरवरून येताना स्वच्छ दिसत होती. संगणक जाप, म्हणजे उत्तर, देतानाही दिसत होता. "ती हाक मारता, हो जाप दिता, पूण तिका पावना! वाटेर कोण खाता?" तिकडे काका धोतर नेसून पखवाजाला लावायची कणीक भिजवत बसले होते. डावा हात थरथरत होता आणि कणीक परातीबाहेर सांडत होती. मावशी तिकडे बघत नव्हती. म्हणजे बघत होती.

एवढ्यात मागच्या खोलीतले पुण्याचे पाहुणे पुढच्या दाराने छत्री मागायला आले, आणि छत्री घेऊन स्वयंपाकघरातून परसाकडे वळले. मावशी मान न वळवता ओरडली, "आयल्या दारान वचा!" आल्या दाराने जा म्हणाली आणि तशीच थिजली. मग कपाळावर हात मारून घेतला. झाले होते असे की त्या आठवड्यात फायबर धड चालत नव्हती, म्हणून तिने संगणकाला बजावले होते, बाहेर जाणारे सगळे मागच्या सिमवरून पाठव. मुलीची हाक येई पुढच्या दाराने आणि उत्तर जाई मागच्या दाराने, भलत्याच पत्त्यावरून. अनोळख्याचे उत्तर तिकडचा संगणक कशाला घेईल? जन्मभर माणसांना शिकवलेला कायदा मावशी घरच्या यंत्राला सांगायला विसरली होती.

मग तिची बोटे चालली. दोन वाटांचे दोन वेगळे तक्ते, आणि वर एक हुकूम: हाक ज्या वाटेने आली, उत्तर त्याच वाटेने जाईल. थोड्याच वेळात फोनमधून किंचाळी आली, "आई, समई दिसली!" तोवर देवळात काकांनी पखवाज मांडीवर घेतला होता. डावा हात मध्ये एकदा चुकला, टाळकऱ्यांनी सांभाळून घेतले. पार संपल्यावर काकांनी सगळ्यांत आधी मुलीला फोनवर विचारले, "चुकलंय तां आयकलंय?" ती म्हणाली, "आयकलां बाबा. सगळां आयकलां." मला त्या दिवशी मावशीचा इतका अभिमान वाटला की मी पुण्याच्या पाहुण्यांना बळेच चहा पाजून सगळी हकिगत दोनदा सांगितली.

आता पखवाज खुंटीला आहे. काका आरामखुर्चीच्या हातावर बोटे वाजवतात. पुढच्या वर्षी गणेश चतुर्थीला मुलगी आली, भरपूर राहिली. निघताना पाऊस होता आणि टॅक्सी मागच्या वाटेला उभी होती, म्हणून ती बॅग घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. मावशीने तिचा हात धरला.

"पुढल्यान आयलंय ना? पुढल्यान वच."

"पण आई, भिजतलंय गे."

"भीज. आयल्या दारान गेलेल्याक परतीची वाट गावता."

परतीची वाट सापडावी म्हणून हा कायदा, हे कारण इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकले. मुलगी पुढच्या दाराने भिजत गेली. मावशी उंबऱ्यात उभी राहिली, आणि टॅक्सी वळणाआड गेल्यावरही तिने बराच वेळ ते दार लावले नाही.