लटकी कुस्ती, खरी हाडं

जवळा बाजारच्या स्टँडावर आबा, म्हणजे माझे वडील, भरल्या एसटीत चढले आणि सगळ्यांदेखत माझी मान दाबून पाहिली. बैल घेताना पाहतात तशी. "व्हय, चालंल," म्हणाले अन् उतरले. आशीर्वाद तो एवढाच. ते शिरड शहापूरच्या तालमीचे वस्ताद, मी त्यांचा पठ्ठ्या. निघालो जालंधरला कुस्ती खेळायला, अन् पोचलो इंग्लंडात, लीस्टरला. तुमच्यातले जे पुण्या-दुबईला गेले त्यांना ठाऊक आहे, माणूस निघतो एकीकडं अन् पोचतो भलतीकडं.

लीस्टरची कुस्तीबी भलतीच. माती न्हाई, लंगोट न्हाई, जिंकणार कोण ते आधीच ठरलेलं. मला जरीचा फेटा घालून 'महाराजा' केलं. पहिल्याच मॅचला जिंकणार मी, असं ठरलं होतं. समोरच्या गोऱ्याची पाठ जमिनीला लागली. झाली की कुस्ती! आपल्या रिवाजाप्रमाणं त्याला हात देऊन उठवलं, गळाभेट घेतली अन् हात जोडत निघालो रिंगणभर. तिथं पाठ लागल्यावरबी दाबून धरायचं, पंच तीन मोजतो, हे मला कुणी सांगावं? गोऱ्यानं मागून लोखंडी खुर्ची हाणली. पब्लिक वेडं झालं. मॅनेजर म्हणाला, हेच रोज कर. मग काय, वीस-बावीस वर्षं तेच. हात द्यायचा, खुर्ची खायची.

गावात मोबाइल आले अन् आबांनी त्यावर माझी कुस्ती पाहिली. आईला मात्र आनंद. "ठरवून असतंय व्हय? मग माझ्या लेकराला लागत नसंल!" मीबी म्हणालो, न्हाई लागत. आबा म्हणाले, "हा तमाशा हाय. तमाशातला माणूस निदान गातो तरी."

त्याआधी फोन उचलला की ते "काय पैलवान?" म्हणायचे. त्या दिवसापासून फोन सरळ आईच्या हातात. मला त्याची लई तकलीफ झाली. खुर्च्या परवडल्या. जग महाराजा म्हणो की विदूषक, आबांनी पैलवान म्हणावं एवढंच पाहिजे होतं.

यंदा रिंग सोडली अन् लंगडत घरी आलो. दोन दिवस आबा बोललेच न्हाईत. तिसऱ्या दिवशी तेलाची वाटी घेऊन आले. "पालथा पड."

ऐंशीच्या पुढचा माणूस, पण हात तसाच. खांद्यापाशी थांबला.

"हे काय?"

"खुर्ची."

"अन् ही बरगडी?"

"तीबी खुर्ची."

"हे मणके?"

"टेबल."

आबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. मग भडकलेच. "लटक्या कुस्तीत एवढं मोडून राहिलं? अरे, त्यायला म्हणावं खरी खेळा, एवढा मार लागत न्हाई!"

आई दारातच उभी होती. "अन् मला फोनवर लागत न्हाई म्हणून सांगत होता व्हय रे, लबाडा!" पदर डोळ्याला लावून ती आत गेली.

मी उठू लागलो. आबांनी मान दाबून परत पाडलं.

"पड गुमान, पैलवान. अजून कंबर राहिली."

लीस्टरला बायको आहे, लेकरं आहेत, परत तिथंच जायचंय, घर तेच. पण त्या सकाळी कुणी विचारलं असतं तर मी सतरंजीत तोंड खुपसून सांगितलं असतं, मी घरी आलोय, मला उठवू नका.