मोहाखालचा जाळ

मोहाची फुलं पडाच्या आधी सारा गाव झाडाखालचा वाळला पाला जाळते. जमीन साफ झाली का फुलं वेचाले बरं पडते. एक बुधरी तेवढी जाळत नव्हती. तिच्या घरामागच्या मोहावर दरसाल आग्या मोहोळ बसे, सुपाएवढं. धूर लागला का आग्या माश्या मानसाले सोडत नाई, म्हनून ती पहाटेच खराटा घेऊन झाडाखाली जाये.

मी रंभा, तिच्या शेजारची. मी तिले कितीदा म्हटलं, "कोनाले सांगून काढून टाक ना ते मोहोळ." तर म्हने, "फुलं सरली का आपल्या मनानं जातेत बाई, काऊन मारू?" मले रागच ये तिचा.

घरात नवरा झिंगू अन सासू. सासूचं अर्धं अंग लुळं पडलेलं, दिवसभर अंगनात बाजेवर राहे. तोंड मात्र धड होतं बुढीचं. भात गरम दिला तरी शिव्या, थंडा दिला तरी शिव्या. बुधरी तिले भरवे, धुवे, कूस बदलून दे. कधी उलटून बोलली नाई, येडी.

अवंदा बुधरी तापानं पडली. पाला तसाच राह्यला, वरून फुलं पडून राह्यली. झिंगूले कुठी धीर? बायको झोपली पाहून त्यानं काडी लावली. धूर सरळ मोहोळाले लागला.

माश्या उतरल्या तसा झिंगू पळत जाऊन नाल्यात बसला. आमी दारं लावली. बुधरीलेबी लावता आलं असतं, पन बुढी बाहेर होती. मी खिडकीतून पाह्यलं. बुधरी गोधडी घेऊन धावली, बुढीले डोक्यापासून पायापर्यंत झाकलं अन वरून पालथी पडली. माश्यांनी तिची साडी दिसेना. बाहेर पाय टाकाची कोनाची हिंमत झाली नाई.

दवाखान्यात नेता नेता आरमोरीच्या अलीकडेच बुधरी गेली. बुढीले एक काटा लागला नाई.

मातीनंतर मी बुढीले भात भरवाले गेली. तिनं तोंड फिरवलं.

"मले का मालूम होतं वो रंभा? गोधडीत माहा दम कोंडत होता. ती वरून म्हने, आत्या, हालू नोको. अन मी तिले शिव्या देत होती, उठ म्हनत होती. मंग ती गप झाली. तरीबी मी देतच होती."