सासऱ्यांसमोर खुर्चीत बसणं

डी.एड. झाल्यावर शिक्षिकेच्या नोकरीसाठी मी पहिली मुलाखत जळगावात दिली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चारही प्रश्नांची उत्तरं मला येत होती आणि मी ती दिलीही. तरी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही वर्गाकडे बघून शिकवणार की फरशीकडे?"

बाकीचे हसले. पिंप्राळ्याला घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, कारण रिक्षात मी यादी करत होते. काय चुकलं? डोक्यावर पदर, मान खाली, आवाज आत. समोर खुर्ची असूनही मी उभीच राहिले होते. खुर्चीचं कारण तर मला लगेच कळलं. आमच्या घरी सून सासऱ्यांसमोर खुर्चीत बसत नसे. कोणी तसा नियम सांगितला नव्हता, पण आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर आले की आम्ही सगळ्या उठायचो. मुलाखत घेणारे तिघेही आबांच्याच वयाचे होते. माझे गुडघे वाकलेच नाहीत.

पुढची मुलाखत धुळ्याला, बारा दिवसांनी. ती हुकली तर वर्षभर कुठे जागा निघणार नव्हती, आणि वर्षभर घरी बसलेल्या सुनेला नंतर कोण बाहेर पाठवतं?

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ते आबांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आबांनी खाटेसमोर घरातली एकुलती एक खुर्ची मांडली.

"बस."

मी उभीच.

"अवं, बस ना. मी आता सासरा नै, साहेब शे."

मी काठावर टेकले. आबांनी मला 'तुम्ही' म्हणून नाव विचारलं, गाव विचारलं. मी जमिनीकडे बघून सांगितलं.

"वर देख. जमीनमा काय शे?"

शेजारच्या काकू ताक मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय अक्का, सुनेला खुर्ची आणि तुम्ही खाली?"

"ती परीक्षाले बठेल शे," सासूबाई म्हणाल्या. "तुले ताक देऊ की तू भी बठस?"

रोज अर्धा तास असं चालायचं. पाचव्या दिवशी माझी पाठ खुर्चीच्या पाठीला लागली. आबांच्या डोळ्यांकडे बघून बोलायला मात्र नववा दिवस उजाडला. त्यांचे डोळे तपकिरी आहेत हे मला तेव्हा कळलं.

मनाशी काय बोलायचं, याचाही मी प्रयोग केला. आधी आरशासमोर म्हणून पाहिलं, "मी धीट आहे." पटेना. खोटं बोलताना पकडल्यासारखं वाटायचं. मग ते सोडलं आणि फक्त खऱ्या गोष्टी कागदावर उतरवल्या. तीसपर्यंत पाढे येतात. फळ्यावरचं अक्षर सरळ येतं. सरावाच्या शाळेत चौथीच्या वर्गाने माझा गणिताचा पाठ पुन्हा मागितला होता. धुळ्याच्या एस.टी.त पारोळा जाईपर्यंत मी एवढंच मनात म्हणत राहिले. भीती गेली नाही, पण तिच्या शेजारी बसायला आणखी काहीतरी आलं.

धुळ्याला समितीच्या मध्यभागी पांढरी टोपी घातलेले, धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मला सगळं आठवत होतं, तरी हात आपोआप वर गेला आणि पदर डोक्यावर आला. क्षणभर वाटलं, संपलं. मग विचार केला, पदर राहू दे. खुर्ची पुढे ओढली, नीट टेकून बसले आणि त्यांच्याकडे बघितलं.

प्रश्न सोपे होते. शेवटी ते म्हणाले, "खेड्यातल्या मुली वर्गात तोंड उघडत नाहीत. काय करणार?"

मी म्हटलं, "त्यांना येत असतं, साहेब. पण उभं केलं की घशात अडकतं. मी आधी त्यांना जागेवर बसूनच सांगायला लावीन. मग शेजारणीला सांगायला. मग मला. उभं राहणं सगळ्यात शेवटी."

"किती दिवस लागतील?"

"नऊ-दहा दिवस तरी."

ते हसले. "मोजलेले दिसतात."

"हो."

त्यांनी शेजारच्या बाईंकडे बघितलं, बाईंनी कागदावर खूण केली. "जूनपासून येणं जमेल? राहायची सोय बघावी लागेल."

"जमेल," मी म्हटलं. आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विचारलं, "मला कोणता वर्ग मिळेल, आणि त्यात मुली किती आहेत?"