माई पोट्टी सांगन

मागावर बसल्या बसल्या आई मधूनच थांबू लागली, हे आधी बाबांच्या लक्षात आलं. दोघांचे हातमाग शेजारी शेजारी होते. एकाचा आवाज थांबला की दुसऱ्याला मान वर न करताही कळायचं. आई छाती चोळायची, घोटभर पाणी प्यायची आणि पुन्हा विणायला लागायची. विचारलं तर म्हणायची, "गॅस झाला असन."

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी नागपुरातच मेडिसिनमध्ये एम.डी. करत होते. आमच्या विणकर घराण्यातली मी पहिली डॉक्टर. आईला जवळजवळ ओढतच आमच्या सरांकडे नेलं. ब्लड प्रेशर बरंच वाढलेलं निघालं. कार्डिओग्राममध्ये किरकोळ बदल होते. सर म्हणाले, "पट्ट्यावर चालवून बघू."

ट्रेडमिलचं यंत्र शहरात नुकतंच आलं होतं, धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात. नऊवारी लुगडं नेसलेली बाई पट्ट्यावर चढलेली तिथल्या माणसानं पाहिली नसावी. तो माझ्याकडे बघू लागला. आईनं काष्टा घट्ट केला, दांडी धरली आणि त्यालाच विचारलं, "चालाचं त आहे, पण जाचं कुठं?" मग चालू लागली. पट्टा चढता झाला तशी ती धापा टाकू लागली, पण थांबा म्हणाली नाही. छातीत कळ आली आणि कागदावरची रेघ खाली बसली, तेव्हा डॉक्टरांनीच यंत्र बंद केलं.

तपासणी पॉझिटिव्ह आली. मग इको झाला. हृदय चांगलं आकुंचन पावत होतं, पण त्याची भिंत जाड झालेली होती. सरांनी सगळं समजावून सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. आई मान हलवत राहिली.

रविवारी कामठीहून काका आले. त्यांचे पॉवरलूम होते, मुंबईला जाणं-येणं होतं. त्यांनी येताच निकाल दिला, "सरळ मुंबईले नेऊ. नळी टाकून पाहू. मोठी तपासणी केली की झंझट संपलं."

"मांडीतून नळी टाकतेत म्हणे, हृदयापर्यंत," बाबा घाबरून म्हणाले. "काही झालं म्हंजे?"

दोघांची बोलाचाली वाढत गेली. आई ऐकत होती. अचानक ती माझ्याकडे वळली. "तू काहून चूप बसली वं पोट्टी? तू शिकली न हे? मंग मले समजन असं सांग."

मी तोंड उघडलं आणि इंग्रजी शब्दच बाहेर पडले. इस्केमिया, फॉल्स पॉझिटिव्ह. आई हसली नाही, रागावलीही नाही. वाट बघत राहिली. होस्टेलवर माझ्या बोलण्याला मुली हसायच्या, म्हणून मी 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला शिकले होते. त्या दुपारी, कितीतरी वर्षांनी, मी डॉक्टरकीबद्दल आमच्या घरच्या बोलीत बोलू लागले.

"पाह्य आई, कार्डिओग्राम म्हंजे हृदयातल्या करंटची रेघ. तू आराम करून राहिली तवाची. पट्ट्यावर चालवलं ते मेहनतीत रेघ बदलते का पाहाले. तुई बदलली, म्हंजे हृदयाले रक्त कमी पडत असन. पण बायाईत, अन् बी.पी.नं भिंत जाड झाली असली त, कधी कधी ते उगीच बदलते."

"म्हंजे मशीन खोटं बोलते?"

"खोटं नाई बोलत. शंका सांगते. पक्कं नाई सांगत."

"अन् तो पडद्यावरचा फोटो?"

"त्यात हृदय हालताना दिसते. पण त्याले रक्त पुरवणाऱ्या नसा मोकळ्या हायेत का बंद, हे त्यात समजत नाई."

मग मी थॅलियमबद्दल सांगितलं. ही तपासणी मुंबईलाच व्हायची. चालवून झालं की हाताच्या शिरेत औषध देतात. ते रक्ताबरोबर हृदयाच्या मांसात जातं आणि कॅमेरा फोटो काढतो. जिथं रक्त कमी पोचलं, तो भाग फिका दिसतो. आणि काका म्हणतात ती अँजिओग्राफी, त्यात रक्तवाहिनी कुठं अरुंद झाली ते सरळ फिल्मवर दिसतं. सगळ्यात पक्कं तेच, पण नळी आत जाते, थोडा धोका असतो.

आईनं विचार केला. "फोटो साफ आला त नळी नाई लागत?"

"बहुतेक नाई."

"अन् डाग दिसला त?"

"मंग नळी."

"मंग आधी फोटो."

"वहिनी, पण मोठी तपासणी..." काका म्हणू लागले.

"भाऊजी, दुखून मले राहिलं," आई म्हणाली. विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना आईचा निर्णय सांगितला. ते म्हणाले, "मीही हेच सुचवणार होतो. कुणी समजावलं त्यांना?" मी म्हणाले, "मी." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मुंबईच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. त्या वेळी मला जे वाटलं, ते पुढं कुठल्याही पदवीनं वाटलं नाही.

मुंबईचा फोटो साफ आला. रक्त सगळीकडे नीट पोचत होतं. नळीची गरज पडली नाही. बी.पी.च्या गोळ्या सुरू झाल्या, लोणचं-पापड बंद झाले. काही महिन्यांत कळ थांबली. आई पुन्हा मागावर बसली, पूर्वीपेक्षा सावकाश, आणि पुढं बरीच वर्षं विणत राहिली.

ओपीडीतही मी तेव्हापासून पेशंटशी त्यांच्या बोलीत बोलू लागले. उमरेडकडची, काटोलकडची माणसं आधी चमकून बघायची आणि मग मोकळेपणानं दुखणं सांगायची.

पुढं नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत मी दवाखाना काढला. एका सकाळी आत शिरताना बाकावर आई दिसली. शेजारी आमच्या जुन्या गल्लीतली एक बाई छातीवर हात ठेवून बसली होती. आई तिला सांगत होती, "घाबरू नको वं. पहिले रेघ काढतीन. मंग वाटलं त पट्ट्यावर चालवतीन. सगळ्या तपासण्या सगळ्याईले नाई लागत. कोणती कशासाठी, ते विचारून घेजो."

मी दारातच उभी राहून ऐकलं. मला पाहताच ती उठली आणि त्या बाईला म्हणाली, "आता पुढचं माई पोट्टी सांगन."