मागचे ब्रेक

करमरकर गाडी अनवाणी चालवायचे. "ब्रेक किती लागतोय ते तळपायाला कळतं," म्हणत बूट सीटमागे टाकायचे. अंबरनाथच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. दिवसभर अबोल असलेला हा माणूस आपल्या दोन सीटच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाडीत बसला की खुलायचा. "पळणारी गाडी कोणीही बनवील हो, थांबणारी बनवून दाखवा," हे त्यांचं नेहमीचं.

त्या हौसेपोटी त्यांनी लष्करी भंगारातले मोठे ब्रेक आणले. मागच्या चाकांना ते सहज बसले, पुढच्यांना बसेनात. "पुढचं बघू सावकाश," म्हणाले. तसलेच मागचे ब्रेक त्यांनी उल्हासनगरचे कापडवाले मित्र लच्छूभाई यांच्या गाडीलाही लावून दिले.

पुढच्याच रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बदलापूरच्या रस्त्यावर मोळी घेतलेली एक बाई अचानक समोर आली. करमरकरांनी ब्रेक दाबला. मागची चाकं जागीच अडकली, गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने भातखाचरात जाऊन थांबली. गाडीच्या शेपटीने बाईची मोळी उडवली होती. बाई तशीच उभी होती.

"तोंड तिकडं होता ना गाडीचा?" तिने विचारलं.

करमरकरांचे ओठ पांढरे पडले होते. "ब्रेक लागला की वजन पुढे जातं," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "मागची चाकं हलकी होतात. मी नेमका तिथेच जोर वाढवला." मग एकदम माझं मनगट धरलं. "लच्छू!"

गाडी खाचरातच सोडून, मिळेल त्या ट्रकने आम्ही उल्हासनगर गाठलं. लच्छूभाई दारातच हसत उभे होते.

"साईं, ब्रेक एकदम फस्क्लास! काल पावसात मारला, तर गाडी पूरी घूमके घराकडे बघायला लागली!"

करमरकर उंबऱ्यावरच बसले. "ती माझी चूक आहे, लच्छू. त्या गाडीत बसू नकोस."

लच्छूभाईंचं हसू तोंडावरच राहिलं. आतून त्यांची बायको आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्या घाटातून पुण्याला जायचं होतं आम्हा दोघांना," ती हळूच म्हणाली, आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढून तिने करमरकरांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती खिशात टाकली, पण दारातल्या लच्छूभाईंच्या गाडीचं इंजिन काही सुरू केलं नाही. एक हात स्टिअरिंगवर ठेवून ते गाडी ढकलू लागले. मी मागून जोर लावला. अंबरनाथपर्यंत आम्ही ती तशीच ढकलत नेली.