सहा आणि दहा

मला बोलता येतं, याचा मला पहिल्यापासून भरवसा होता. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन मीच करायचे. लग्न होऊन साताऱ्याहून पनवेलला आले, तेव्हा सोसायटीच्या पहिल्याच सभेत पाण्याच्या वेळेवरून उभी राहून बोलले होते. त्यामुळे कंटेनर यार्डातल्या नोकरीच्या मुलाखतीत "तुमची जमेची बाजू काय?" असं विचारल्यावर मी लगेच म्हणाले, "संवाद." नोकरी मिळाली.

दोन हजार आठ-नऊचा सुमार होता. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला असे बरेच यार्ड होते. बंदरातून आलेले आणि बंदराकडे निघालेले कंटेनर तिथे रांगांनी मांडून ठेवत. आमच्या यार्डात अशा चौदा रांगा होत्या. माझं काम ऑफिसात बसून यार्डाला सूचना देण्याचं. कुठला कंटेनर कुठे हलवायचा, कुठला तपासणीसाठी उघडायचा, हे मी वॉकीटॉकीवरून सांगायचे आणि खाली यार्डाचे सुपरवायझर ते माणसांकडून करून घ्यायचे.

हे सुपरवायझर पन्नाशीचे होते. उरणकडच्या खाडीकाठचे कोळी. तरुणपणी होडीवर होते, मग बंदरात लागले आणि तिथून आमच्याकडे आले. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचे. ते मला मॅडम म्हणत आणि ऑफिसात आले तर दाराच्या आत दोन पावलांपलीकडे येत नसत. सहा महिन्यांत आमचं बोलणं झालं ते बहुतेक त्या काळ्या डबड्यातूनच. त्यात आवाजापेक्षा खरखर जास्त असायची. ऑफिसच्या भिंतीवर एक सूचनापेटी होती. तिच्यात मी कधी चिठ्ठी पाहिली नाही, आणि त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा मी घेत होते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तपासणीसाठी कस्टमचे अधिकारी आले. त्यांना दुसरीकडे जायची घाई होती. त्यांना पाहायचा होता तो यंत्रांच्या सुट्या भागांचा कंटेनर सहाव्या रांगेत शेवटी उभा होता. कंटेनरचा पूर्ण क्रमांक सांगायचा असा नियम होता. पण तो अक्षरं आणि आकडे मिळून अकरा खुणांचा असतो. माझ्या एका कानाला टेबलावरचा फोन होता, समोर अधिकारी उभे होते. मी वॉकीटॉकीचं बटण दाबून म्हणाले, "मामा, सहा नंबर रांग, शेवटचा उघडा."

खरखरीतून त्यांचा आवाज आला, "दा नंबर ना मॅडम?"

"हो, हो. लवकर करा," मी म्हणाले आणि फोनवरचं बोलणं पुढे चालू केलं.

आमच्या यार्डातली गावाकडची माणसं 'ह' गिळून बोलत. सहाचं सा होई, दहाचं दा. हे मला ठाऊक होतं. रोज ऐकत होते. पण त्या क्षणी मला जे ऐकायचं होतं, तेच मी ऐकलं.

दहाव्या रांगेत शेवटी उभा होता तो लाकडी सामान परदेशी नेणारा कंटेनर. लाकडात कीड राहू नये म्हणून अशा कंटेनरमध्ये विषारी वायू सोडून तो ठरावीक वेळ बंद ठेवतात. तशी सूचना त्याच्या दारावर चिकटवलेली होती, पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत, शेजारच्या चार-पाच कागदांसारखीच. ती वाचावी असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. दोघा कामगारांनी कडी उघडून दार ओढलं. त्यातला एक आत डोकावला आणि तिथेच लटपटला.

मामांना वास आला असावा. त्यांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं, दुसऱ्याला ढकललं आणि सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला पळवलं. मी खाली पोचले तेव्हा तो माणूस जमिनीवर बसून ओकत होता आणि मामा त्याची पाठ धरून होते. कंपनीच्या जीपने त्याला पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तो सुखरूप असल्याचं सांगितलं. तोवर मला अन्न गेलं नव्हतं.

अपघात झाला त्याच दुपारी चौकशी बसली. आमचे मॅनेजर सरळ माणूस होते, पण सगळं कागदावर आलं की सुटलं असं मानणारे. मामा टोपी हातात घेऊन उभे होते.

"नीट ऐकू आलं नाही तर परत विचारायला काय होतं?" मॅनेजरांनी विचारलं.

"चुकला माझा," मामा म्हणाले.

"तीन आठवडे निलंबन. लिहून घ्या."

लिहून घ्यायचं काम माझंच होतं. हातात पेन होतं. मामांनी परत विचारलं होतं, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि मामा काही बोलणार नव्हते, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हणाले. "दहा का, असं विचारलं होतं. मी न ऐकता हो म्हटलं. आणि पूर्ण क्रमांक मी सांगितलाच नव्हता."

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, विचार करून बोला. हे इतिवृत्तात जाईल."

"जाऊ द्या. मीच लिहितेय."

निलंबन टळलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी सही करून घेतली आणि खरं सांगायचं तर मला त्यात कमीपणा वाटला नाही.

संध्याकाळी मी यार्डात गेले. मामा पाण्याच्या नळापाशी हात धूत होते. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी हापिसात बसता. सगळ्यांसमोर तुमाला खोटा कसा पाडायचा?" ते म्हणाले. मग नळ बंद करत म्हणाले, "आनि बोल्लो असतो, तर आयकला असता कोनी?"

"या वॉकीटॉकीवर नीट ऐकू येत नाही, हे तरी सांगायचं."

"चार मयने सांगतोय. शिफ्टच्या सायबाला."

शिफ्टच्या साहेबांनी, म्हणजे मामांच्या वरच्या पाळीप्रमुखांनी, ते पुढे सांगितलं नव्हतं, कारण त्यांना तक्रारखोर ठरायचं नव्हतं. वरून खाली आमचं बोलणं धबधब्यासारखं वाहत होतं. खालून वर येणारं पहिल्याच पायरीवर अडत होतं. आणि मी स्वतःला संवादात हुशार समजत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं यार्डात जाऊन उभी राहू लागले. पहिले काही दिवस सगळे गप्प. मॅडम आपली तपासणी करतेय असं त्यांना वाटलं. मी चहा घ्यायचे आणि परत यायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी एकजण दुसऱ्याला सांगत होता, "बाभळीच्या रांगेत ठेव." मी विचारलं, बाभळीची रांग कुठली? तर ती सहावी. तिच्या टोकाला कुंपणाबाहेर बाभूळ होती. दहावी होती नळाची रांग. चौदाच्या चौदा रांगांना त्यांनी केव्हाच नावं दिली होती आणि आपसात त्याच नावांनी कामं चालत. ऑफिसला पत्ता नव्हता.

मी सगळी नावं लिहून घेतली आणि मॅनेजरांसमोर ठेवली.

"बाभळीची रांग?" ते म्हणाले. "ऑडिटला काय सांगू?"

"कागदावर नंबरच राहतील. बोलताना नंबर आणि नाव दोन्ही बोलू. खालच्या माणसाने पूर्ण क्रमांक परत म्हणून दाखवायचा, आणि वरच्याने तो संपेपर्यंत ऐकायचा. तोवर दाराला हात लावायचा नाही."

"वेळ जाईल."

"त्या दिवशी किती गेला?"

त्यांनी एक महिना करून बघा म्हटलं. महिना झाल्यावर त्यांनी विचारलं नाही आणि मीही आठवण केली नाही. पद्धत चालू राहिली. वॉकीटॉकी नव्या आल्या. दारावरच्या सूचना मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत आल्या, कवटीच्या चित्रासकट. वायूने लटपटलेला कामगार दहा दिवसांनी कामावर आला. मी माफी मागितली, तर तो नुसता लाजला आणि म्हणाला, "आता बरा हाय." तेवढ्यावर त्याने विषय संपवला.

मामा हळूहळू दारातून आत येऊ लागले. एकदा समोरच्या खुर्चीत बसून म्हणाले, "बाय, तू फोनवर असली का नुसती हो-हो करतेस. मानसाला वाटतं तुज्या कानात गेला." मॅडमची मी बाय, म्हणजे घरातली लेक, झाले होते. मी फोन ठेवला आणि काय सांगायला आलात ते विचारलं. क्रेनच्या ब्रेकबद्दल होतं. त्याच दिवशी दुरुस्ती झाली.

पुढे दोन वर्षांनी कंपनीने करंजाडेच्या पलीकडे दुसरा यार्ड बांधायला घेतला. नकाशा तयार होता. मॅनेजरांनी मला बोलावून म्हटलं, "मंजुरीला पाठवायच्या आधी एकदा खाली दाखवून या."

मी यार्डात तो नकाशा जमिनीवर पसरला आणि पाच-सहा जण भोवती उकिडवे बसले. मामांनी गेटवर बोट ठेवलं. "हितं वळताना ट्रकवाल्याला चालनारा मानूस दिसनार नाय," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पेन्सिलने खूण करून नकाशा वर नेला.

आठवड्याने मॅनेजरांचा फोन आला. "गेट हलवलंय," ते म्हणाले. "मामांना सांगा."

वॉकीटॉकी टेबलावरच ठेवून मी खाली गेले आणि मामांना सांगितलं.