हत्तीच्या मापाचं निपल

जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ चुकीच्या रबरात आहे, असं मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. राहायला विरारला, आणि गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात रबरी वायसर आणि नळ्या करण्याचा छोटा कारखाना. कुणाकडे गेले की मेहुणे आधी कुकरची रिंग काढून ताणून बघणार, मग चहाला बसणार. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या नव्या चपलेचा तळ अंगठ्याने दाबून भर मांडवात "माल हलका आहे" असं जाहीर केलं, तेव्हा सासऱ्यांना काही क्षण ते माझ्याबद्दलच वाटलं होतं.

दक्षिणेकडच्या जंगलात हत्तीची अनाथ पिल्लं सांभाळणारं एक केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई मेहुण्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या नात्यातल्या. शिकाऱ्यांनी आई मारलेलं एक मादी पिल्लू तिथे आलं होतं आणि ते बाटलीला तोंड लावीना. वासरांचं निपल पुरेना, कडक निपल ते थुंकून टाकी. हे कानावर आल्यावर मेहुण्यांनी हातातली सगळी कामं बाजूला सारली. त्यानंतर त्यांच्याकडे जेवायला गेलं की ताटाशेजारी भल्यामोठ्या वांग्याएवढं एक नवं निपल ठेवलेलं असे. आधी ते स्वतः चोखून बघत, मग वहिनींपुढे धरत. वहिनी उठून आत जात, म्हणून पाळी माझ्यावर येई.

"जावईबापू, खरं सांगा, आईसारखं वाटतं का?"

"दादा, माझी आई हत्तीण नव्हती."

"कल्पना करा हो. एवढे शिकलात ना?"

मी डोळे मिटून कल्पना केली. टायर चावल्यासारखं लागलं. तसं सांगितल्यावर त्यांनी शांतपणे ते कात्रीने कापून टाकलं.

पिल्लू खंगत चाललंय असा फोन आला, तेव्हा पिशवीभर निपलं घेऊन मेहुणे स्वतःच निघाले. तिथे कळलं की पिताना पिल्लाला आईच्या अंगावर सोंड टेकायची सवय असते. झालं, मेहुणे करडी घोंगडी पांघरून, ओणवे होऊन बाटलीशेजारी उभे राहिले. कंबर धरली, पण हलले नाहीत. आधीची निपलं त्या पोरीने थुंकलीच. शेवटच्या मऊ निपलाला मात्र ती बिलगली. "पोरीनं सोंड माझ्या पाठीवर टाकली नि घटाघटा प्यायली," हे ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत, वाकून दाखवत.

मग दर महिन्याला निपलं जात राहिली. पुढे ती पोर पाला खाऊ लागली, इतर पिल्लांबरोबर रानात हिंडू लागली, आणि एके दिवशी केंद्रातून निरोप आला की आता निपलं पाठवू नका. गिऱ्हाईक तुटल्याचे पेढे वाटणारा कारखानदार गोखिवऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

"दादा, एकदा भेटून तरी या," मी म्हटलं.

"जायचं नसतं. माणसाचा लळा राहिला तर रानात तिचा निभाव कसा लागायचा?" मग त्यांनीच विचारलं, "विसरली असेल का हो मला?"

"विसरली असेल."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याची उगाच घडी घालत बसले.